'द लाइटनिंग थीफ': आधी पुस्तक की आधी मालिका?

मागच्या महिन्यात कोल्हापूरच्या शाहूपुरीतून ताईचा फोन आला. भाचा बारा वर्षांचा, इंग्रजी माध्यमात शिकतो, पण वाचताना अक्षरं उलटसुलट होतात म्हणून पुस्तकाचं नाव काढलं की पळतो. शाळेतल्या मुलांकडून पर्सी जॅक्सन हे नाव मात्र त्याच्या कानावर आलेलं. "पुस्तक आणलं तर पडून राहील गं. सरळ मालिकाच लावून देऊ काय?" ताईने विचारलं. मी दोन्ही मन लावून वाचलं-पाहिलंय. फोनवर जमलं तेवढं सांगितलं, पण हा प्रश्न अनेक घरांत पडत असणार, म्हणून इथे सविस्तर लिहिते. गोष्टीतली बरीच गुपितं पुढे उघड होतील, तेवढं धरून चला.

आधी जुजबी माहिती. रिक रायर्डन यांची ही कादंबरी 2005 सालची, पाच पुस्तकांच्या मूळ मालेतली पहिली. न्यूयॉर्कमधल्या बारा वर्षांच्या पर्सीला कळतं की आपला बाप ग्रीक समुद्रदेव पोसायडन आहे, आणि देवांचा राजा झ्यूस याचं वज्र चोरल्याचा आळ त्याच्यावरच येतो. मालिकेचा पहिला सीझन डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024 या काळात आला. आठ भाग, आपल्याकडे जिओहॉटस्टारवर. रायर्डन स्वतः मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक आहेत, त्यामुळे जे बदल झालेत ते लेखकाच्या डोळ्यांदेखत झालेत. 2010 चा चित्रपटही आहे. त्यात पर्सीला वयाने मोठा करून टाकलाय. तो सोडून दिलात तरी चालेल.

आता मुद्द्याचं. पर्सीला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचताना अक्षरं उलटसुलट होतात, आणि तो एका जागी बसू शकत नाही. रायर्डन शाळेत शिक्षक होते, आणि त्यांच्या मुलाला हाच त्रास होता. रात्री झोपताना ते त्याला ग्रीक पुराणातल्या गोष्टी सांगत, त्यातूनच पर्सी जन्माला आला. म्हणजे ही गोष्ट कागदावर येण्याआधी बापाने मुलाला तोंडाने सांगितलेली आहे. पर्सी स्वतःच सगळं सांगतो, धडाधड, वैतागत, चेष्टा करत. हा आवाज म्हणजेच पुस्तक. मालिकेत पर्सी झालेला वॉकर स्कोबेल फार गोड पोरगा आहे, चेहऱ्यावर सगळं दिसतं त्याच्या. पण पर्सीच्या डोक्यातली अखंड बडबड पडद्यावर थोडीच उरते.

ताईला मी म्हटलं, मालिका थांबव, मी येते. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर भडंगाची वाटी मध्ये ठेवून मी मोठ्याने वाचायला घेतलं. एकूण 22 प्रकरणं, एका बैठकीला एक-दोन. इंग्रजी वाक्य वाचायचं, अडलं तिथे मराठीत सांगायचं. तो नुसता ऐकत होता, पाय हलवत, कठड्यावर चढत-उतरत. मग मेड्यूसाचं प्रकरण आलं, जिच्या नजरेला नजर भिडली की माणूस दगड होतो ती. पर्सी आणि त्याचे दोन सोबती अशी तिघं मुलं रात्री दमूनभागून एका दुकानापाशी येतात. वर पाटी आहे, आणि पर्सीला ती जशी दिसते तशीच पुस्तकात छापलीय, अक्षरांची पार खिचडी करून. मी पुस्तक त्याच्या पुढ्यात धरलं. त्याने बोट ठेवून बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "मावशे, हे मला दिसतंय तसंच छापलंय की!" पुढचं अर्धं पान त्याने स्वतः वाचलं. अडखळत, पण स्वतः.

पडद्यावर हे होणं अवघड. छापलेली अक्षरं समोर असतात तेव्हाच ती नाचतात.

हाच प्रसंग मालिकेत पार वेगळा आहे, आणि दोन्हींतला फरक इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. पुस्तकात मुलांना ती बाई कोण हे कळत नाही. ती बर्गर खाऊ घालते, डोक्यावरून बुरखा, आवाज मायेचा, मुलं सुस्तावतात, मग फोटो काढू या म्हणते. वाचणाऱ्याला संशय आलेला असतो आणि पोरं खात बसलेली. मालिकेत मुलं तिला जवळजवळ लगेच ओळखतात. भीती तिथेच अर्धी संपते. पण त्या बदल्यात मेड्यूसाला स्वतःची बाजू मांडायला मिळते: देवांनी तिच्यावर केलेला अन्याय, अथेना देवीचा शाप. पर्सीच्या आईने त्याला लहानपणीच सांगितलेलं असतं की राक्षस दिसतो तो राक्षसच असेल असं नाही, आणि वीर दिसतो तो वीरच असेल असंही नाही. कोल्हापूरच्या पोराला हे समजवावं लागत नाही. आपल्या गावाला नावच कोल्हासुराचं, मरताना त्याने ते देवीकडे मागून घेतलं. ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फुटतो तो भाच्याने बघितलाय. देव-राक्षस गावातल्या पत्त्यांवर राहतात याची आपल्याला सवय आहे, म्हणून देवांचं घर ऑलिंपस हे एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर आहे म्हटल्यावर भाच्याने जराही शंका काढली नाही.

माझी मालिकेबद्दलची तक्रार मात्र हीच आहे की मुलांना सगळं आधीच माहीत असतं. लास व्हेगासचा लोटस कॅसिनो बघा. पुस्तकात तिघं आत शिरतात, खेळत बसतात, आणि काही तास गेलेत असं वाटत असताना पाच दिवस उडालेले असतात. 1977 सालातला एक मुलगा भेटतो तेव्हा पर्सीच्या पोटात गोळा येतो. मोबाईलवर रील बघत बसलं की कसं होतं, ते भाच्याने आपणहून बोलून दाखवलं. मालिकेत धोक्याची कल्पना घेऊनच ते आत जातात. तिथे देवांचा दूत हर्मीस भेटतो, लिन-मॅन्युएल मिरांडाने तो छान केलाय, पण घसरत जाण्याची गंमत गेली. पुस्तकात वज्र परत करायच्या मुदतीचा एक दिवस हातात उरतो; मालिकेत मुदत टळून जाते आणि तरी पर्सी पुढे जातो. हा बदल मला पटला. वेळ गेल्यावरही पाऊल मागे न घेणारा मुलगा जास्त मोठा वाटतो.

आई सॅलीच्या बाबतीत मालिका पुस्तकाला मागे टाकते. पुस्तकात ती प्रेमळ आहे, सोसणारी आहे, पण लवकर नाहीशी होते. मालिकेत मागच्या काळातले प्रसंग घातलेत: शाळेमागून शाळा सुटणाऱ्या मुलाला कुठे घालावं या विवंचनेतली एकटी आई. ताई माझ्या शेजारी बसून बघत होती. तिने पदर डोळ्यांना लावला.

आता सावत्र बाप गेब. मोठ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. मालिकेत तो आळशी, फुकटखाऊ माणूस आहे. पुस्तकात तो सॅलीवर हात उचलतो, आणि हे पर्सीच्या लक्षात येतं ती जागा पहिल्यांदा वाचताना माझा घसा दाटला होता. पुस्तकात त्याचा निकाल सॅली स्वतः लावते. मालिकेत तो स्वतःच मेड्यूसाच्या मुंडक्याचं पार्सल उघडतो आणि दगड होतो. पुस्तकातलाच शेवट खरा, पण दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात देण्याआधी शेवटची दोन प्रकरणं तुम्ही वाचा, आणि वाचून झाल्यावर त्याच्याशी बोला.

मारामाऱ्या मालिकेत अंधाऱ्या आहेत आणि झटपट आटोपतात. पर्सीचा मित्र ग्रोव्हर झालेला आर्यन सिम्हाद्री भारतीय वंशाचा आहे, ही मुलांना आवडणारी गोष्ट.

करवीर नगर वाचन मंदिराच्या कपाटांपाशी मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे माझं माप पुस्तकाकडे झुकणार हे उघड आहे. तरीही सांगते. मूल स्वतः वाचणारं असेल तर आधी पुस्तक द्या. वाचायला कंटाळणारं किंवा अडखळणारं असेल तर आधी पुस्तकच, पण तुमच्या आवाजात. एवढा वेळ घरात कुणाकडेच नसेल तर मालिका लावा, इंग्रजी सबटायटल चालू ठेवून, आणि आठवा भाग संपला की पुस्तक उशाशी ठेवा. मेड्यूसा पुस्तकात कशी फसवते ते त्याला अजून कळायचंय. दुसरं पुस्तक मालिकेत यायला डिसेंबर 2025 उजाडलं. पुस्तकं मात्र पाचही आजच हातात येतात.

आमचं सतरावं प्रकरण चालू आहे. भाच्याचे मालिकेचे तीन भाग बघून झालेत, जेवढं वाचलं तेवढंच पुढे बघायचं असं ठरलंय. काल ताईकडून भाच्याचा निरोप आला: या शनिवारी मी वाचणार, मावशीला म्हणावं नुसतं बस.