यकृत निकामी झाल्यावर: स्टेम सेल की प्रत्यारोपण?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरी सिरॉसिसचा (यकृत आक्रसून कडक होण्याच्या आजाराचा) रुग्ण असला की प्रश्न येतोच: पोट न फाडता स्टेम सेलने भागेल का?

आज तरी नाही. एका पद्धतीत जी-सीएसएफ या पेशी वाढवणाऱ्या औषधाची इंजेक्शनं देऊन अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, रक्तात उतरवतात, गोळा करतात आणि पुन्हा शिरेतून सोडतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ८१ रुग्णांच्या चाचणीत यानं यकृताचं काम सुधारलं नाही, गंभीर त्रास मात्र वाढले. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांप्रमाणे यकृतासाठी हा प्रयोग मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, रुग्णाकडून पैसे न घेता. कुणी पॅकेजचा दर सांगितला, तर सरळ उठून यावं.

प्रत्यारोपण जड आहे, पण रोगट यकृतच बदलतं. रक्तातलं बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) यांवरून निघणारा मेल्ड स्कोर, म्हणजे यकृत किती बिघडलंय त्याचा आकडा, १५ झाला, किंवा पोटात पाणी साठू लागलं, की मुंबई-पुण्याचं केंद्र गाठावं. उशीर इथेच होतो. जिवंत दात्याच्या यकृताचा तुकडा रुग्णाच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के हवा: ६० किलोला ४८० ग्रॅम. दात्याकडे निदान ३० टक्के यकृत उरायला हवं. यकृतात चरबी जास्त असली तर दाता बाद होतो.

प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवं यकृत नाकारू नये म्हणूनचं औषध, बहुतेकांना दर १२ तासांनी, कायमचं. औषधाची पातळी तपासायला रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचं. चुकवलेल्या गोळ्यांनी शरीर नवं यकृत नाकारू शकतं. आणि कालवं, तिसऱ्या (शिंपल्या) पूर्ण शिजलेल्याच खाव्यात: कच्च्या कालवांतला व्हिब्रिओ जंतू सिरॉसिसवाल्यांनाही जिवावर बेततो.