ट्रायलची जोडी खरी, घरी आलेली खोटी: कार्बन प्लेटच्या शूजमधली फसवणूक

वडोदऱ्यात धावणाऱ्या मंडळींना कार्बन प्लेटचे, म्हणजे सोलच्या आत कार्बन फायबरची कडक पट्टी असलेले शूज अर्ध्या किमतीत विकणारा एक गृहस्थ फिरतो आहे. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना त्याने गंडवलं, त्यात मीही आहे. आमच्याकडून पैसे गोळा करून तो गायब झाला. आता दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपमध्ये शिरला असणार, म्हणून घडलं ते सगळं तपशिलात लिहिते आहे. "माल नकली निघाला" एवढंच सांगून भागणार नाही, कारण आम्ही माल पारखूनच घेतला होता. पारखायला दिलेली जोडी अस्सल होती. घरी आली ती दुसरीच.

हे शूज एवढे महाग का आणि त्यांच्यामागे लोक एवढे का लागतात, हे आधी सांगते. २०१७ च्या मे महिन्यात इटलीत मोंझाच्या ट्रॅकवर केनियाचा धावपटू एलिउद किपचोगे नायकेच्या नव्या शूजमध्ये मॅरेथॉनचं अंतर २ तास २५ सेकंदांत धावला. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात त्याने तेच अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत पार केलं. दोन्ही धावा खास त्यासाठी जुळवून आणलेल्या होत्या, त्यामुळे विश्वविक्रमात त्या धरल्या गेल्या नाहीत, पण जगाचं लक्ष पायांकडे गेलं ते गेलंच. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी १८ तगड्या धावपटूंवर चाचण्या घेतल्या, तेव्हा त्या शूजमध्ये ऊर्जा सरासरी चार टक्के कमी खर्च होते असं दिसलं. पुढे जानेवारी २०२० मध्ये वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या जागतिक संघटनेने नियमच केला: रस्त्यावरच्या शर्यतीत सोलची जाडी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि आत एकापेक्षा जास्त प्लेट नको.

हे आकडे अव्वल धावपटूंचे. आमच्यासारखे ताशी दहा किलोमीटरच्या आसपास धावणारे घेतले तर फायदा एखाद्या टक्क्यावर येतो. दोन तासांच्या हाफ मॅरेथॉनमध्ये फार तर एक मिनिट. पण ज्याची वेळ दोन तासांच्या जरा वर अडकून बसली आहे, त्याला त्या एका मिनिटाची किंमत विचारा. मी त्यातलीच. पहाटे उठून, घरचं आवरून, थंडीत कमाटीबागेत फेऱ्या मारणारे आम्ही सगळे नोकरदार, गृहिणी, निवृत्त लोक. वीस हजारांच्या वरचे शूज घ्यायचे तर महिनोन्‌महिने पैसे बाजूला टाकावे लागतात. त्या माणसाने नेमकं हेच हेरलं होतं.

ग्रुपमधल्या एकाच्या ओळखीने तो आला. मराठी बोलणारा, अदबशीर. "ताई, आपण दांडिया बाजारातलेच, माझे आजोबा तिथेच राहायचे," अशी त्याची सुरुवात. माल दुबईहून येतो, तिथल्या दुकानांचा सीझन संपला की उरलेला स्टॉक आपल्याला मिळतो, म्हणून किंमत निम्मी, असं त्याने सांगितलं. रविवारी सकाळी आमचं धावणं झाल्यावर तो बागेच्या फाटकाशी मोठी बॅग घेऊन आला. बॅगेत वेगवेगळ्या साईझच्या जोड्या. "घाला, पळा, पटलं तरच बोला."

आम्ही पळालो. मी बागेत दोन फेऱ्या मारल्या. टाच टेकली की पाय आपोआप पुढे ढकलला जातो, पोटऱ्यांना ताण जाणवत नाही, आणि वेग वाढवला की शूज जास्तच साथ देतात. मी स्वतः छोटा वजनकाटा मागितला, तर तो त्याच्याकडे तयारच होता. माझ्या साईझचा एक पाय पावणेदोनशे ग्रॅमच्या आत भरला. सोल हातात धरून वाकवून पाहिला, वाकेना. बिल मिळणार का, विचारलं. "हो ताई, पॅक जोडीबरोबर." शूज पटले नाहीत तर परत घेईन, असंही त्याने चॅटवर लिहून दिलं. मग मी विचारलं, हीच जोडी का देत नाही? "हे डेमो पीस आहेत, दहा जणांनी घातलेले. तुम्हाला नवा, सीलबंद देतो." ऐकायला हे रास्तच वाटतं. दुसऱ्याच्या घामाचे शूज कोणाला हवेत?

निम्मे पैसे यूपीआयने आगाऊ, बाकीचे जोडी हातात आल्यावर. जोड्या आल्या वडोदरा मॅरेथॉनच्या अगदी तोंडावर, लोक बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला निघाले होते तेव्हा. हा उशीर मुद्दाम केलेला होता, याबद्दल मला जराही शंका नाही. शर्यत इतकी जवळ आली की प्रत्येक जण पाय जपतो, नवीन शूज लांब पळून तपासत नाही. शिवाय ट्रायल झालेली असते, म्हणून मन निश्चिंत. डिलिव्हरीला एक पोरगा आला, उरलेले पैसे घेतले आणि गेला.

मी संध्याकाळी ते घालून सोसायटीभोवती हळूहळू धावले. पहिल्या शंभर मीटरमध्येच कळलं. टाच धपकन आपटत होती, पुढे ढकलणारा झोका नव्हताच. घरी येऊन केकचं सामान मोजायच्या काट्यावर एक पाय ठेवला. अडीचशे ग्रॅमच्या वर! रंग तोच, लोगो तोच, बाजूच्या रेघासुद्धा तशाच.

रात्रीच मैत्रिणीला फोन केला. तिची साईझ माझ्यापेक्षा मोठी. शूजच्या जिभेच्या, म्हणजे लेसखालच्या पट्टीच्या आत शिवलेल्या लेबलचा आणि खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो तिने पाठवला. बारकोडखालचा आकडा दोघींचा एकच! एकाच मॉडेलच्या दोन साईझचा बारकोड कधीच सारखा नसतो, प्रत्येक साईझला वेगळा असतो. खोक्यावर एमआरपी नाही, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही. भारतात कायदेशीर आणून विकलेल्या शूजच्या खोक्यावर हे छापावंच लागतं. बिलाच्या नावाखाली एक कागदाची चिठ्ठी होती, तिच्यावर जीएसटी नंबर नव्हता.

मी त्याला लिहिलं. उत्तरं ठरलेली होती. "बॅच वेगळी आहे." "साईझ मोठी की वजन वाढतंच." "थोडे दिवस घाला, मोकळे होतील." या तिन्ही सबबी खोट्या आहेत. एका साईझच्या फरकाने वजन पाच-दहा ग्रॅमने वाढतं, ऐंशी ग्रॅमने नाही. आणि हे शूज पहिल्या दिवशीच सर्वांत जिवंत असतात, पुढे वापराने त्यांची उसळी कमी होत जाते. "घालून मोकळे होतील" हे चामड्याच्या बुटाला सांगावं. परत घेण्याचा विषय काढला तसा फोन बंद, प्रोफाइल गायब.

खात्री करायची म्हणून मी माझी जोडी खंडेराव मार्केटजवळच्या एका मोचीकाकांकडे नेली आणि एका पायाचा सोल लांबीत कापायला सांगितला. त्यांनी रापी टाचेपासून चवड्यापर्यंत ओढली. आत साधा ईव्हीए फोम, स्वस्तातल्या शूजमध्ये असतो तोच, बाहेरून रंगवलेला. त्यात करड्या प्लास्टिकची एक पट्टी, ती टाचेच्या पुढून सुरू होऊन चवड्याच्या आधीच संपत होती. खरी प्लेट सोलभर असते आणि पुढे चमच्यासारखी वळलेली असते. ही पट्टी काकांनी हाताने वाकवली तर तिच्यावर पांढरी चीर उमटली. कार्बन फायबर असं पांढरं पडत नाही.

इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. आपण सगळे "प्लेट आहे का?" एवढंच तपासतो, शूज वाकवून पाहतो. नकली माल बनवणाऱ्यालाही हे ठाऊक आहे, म्हणून तो प्लास्टिकची कडक पट्टी घालतो आणि शूज वाकत नाही. पण खरी करामत प्लेटपेक्षा फोमची आहे. पेबा नावाच्या त्या हलक्या फोममध्ये दाबल्यावर जी ऊर्जा साठते, तिच्यातली ८७ टक्के परत मिळते, असं त्याच कोलोरॅडोच्या अभ्यासात मोजलं गेलं. तुलनेला घेतलेल्या ईव्हीए सोलच्या शर्यतीच्या शूजमध्ये ती ६५.५ टक्के होती. नंतरच्या एका प्रयोगात याच शूजची प्लेट मुद्दाम कापून लोकांना धावायला लावलं, तर ऊर्जेच्या खर्चात अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडला. हा फोम स्वस्तात मिळत नाही आणि ईव्हीएला रंग फासून तेवढा हलका आणि उसळीचा करता येत नाही. म्हणून शूज हातात आले की आधी वजन करा. मग अंगठ्याने मिडसोलची (सोलमधल्या फोमच्या थराची) बाजू दाबा: खरा फोम मऊ लागतो आणि झटकन वर येतो, नकली दगडासारखा घट्ट लागतो. वाकवून पाहणं सगळ्यात शेवटी, आणि त्यावर भरवसा कमीच.

वजनाचा आकडा विक्रेत्याच्या तोंडून घेऊ नका. कंपन्या साईझसकट वजन जाहीर करतात, ते आधी लिहून ठेवा आणि काटा आपलाच न्या. ट्रायल ज्या जोडीत झाली तिच्यावर पेनाने खूण करा आणि हवी तर तीच मागा. दहा जणांनी घातलेली असली तरी चालेल, ती खरी तर आहे. "पॅक माल" म्हणून दुसरी आणली तर ती त्याच्यासमोर उघडून, मोजून, त्याच्यासमोर पळून मगच पैसे द्या. अस्सल माल विकणाऱ्याला यात अडचण नसते. दोन-चार किलोमीटरच पळालेले म्हणून जे सेकंडहँड विकले जातात, त्यांच्यात आणखी एक घोळ असतो: जोडी खरी, पण फोम मेलेला. सोलच्या खालचं रबर घासलंय का आणि मिडसोलच्या बाजूला आडव्या सुरकुत्या पडल्यात का, ते पाहा.

पैशांचं नुकसान सहन होतं. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचं जे झालं, ते मला सहन होत नाही. साठी उलटलेली, नियमाने धावणारे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी शर्यत त्याच शूजमध्ये केली, कारण त्यांची जोडी आदल्या रात्री हातात आली आणि ट्रायल तर त्यांनी डोळ्यांदेखत केली होती. मधल्या टप्प्यात पायाच्या वरच्या बाजूला दुखायला लागलं, तरी त्यांनी शर्यत पुरी केली. डॉक्टरांनी सांगितलं, पायाच्या मधल्या हाडावर ताण आलाय, सहा आठवडे धावणं बंद. खऱ्या कार्बन शूजमध्येही असे प्रकार झालेत. २०२३ मध्ये पाच खेळाडूंच्या पायाच्या नॅव्हिक्युलर हाडाला अशा इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली होती. पण तिथे निदान गादी तरी असते. इथे कडक पट्टी आणि तिच्यावर निर्जीव फोम, म्हणजे प्रत्येक पावलाचा मार थेट हाडावर. त्या माणसाने काकांना कशात पळायला लावलं हे त्याला नीट माहीत होतं. सगळ्यात जास्त राग मला याचाच येतो.

मी शर्यत माझ्या जुन्या शूजमध्ये धावले. दोन तासांच्या आत आले नाही.

तक्रारीचं असं: ऑनलाइन पैसे गेले की १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, पैसे पुढे सरकायच्या आत रोखता आले तर तिथूनच रोखले जातात. नंतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर लेखी तक्रार. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. नकली ट्रेडमार्कचा माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांचा दंड. त्यामुळे पोलिसांनी "हा तुमचा आपसातला व्यवहार आहे" म्हटलं तर मागे हटू नका. ज्या ब्रँडची नक्कल झाली, त्यांनाही फोटो पाठवा. ब्रँडचं नाव मी इथे घेत नाही, त्यांचा यात दोष नाही.

पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, आणि एकाच पद्धतीने फसलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने मिळून तक्रार करायची सोय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ मध्ये आहे. आम्ही तीच तयार करतो आहोत. ज्यांच्याकडे अशी जोडी आली असेल, त्यांनी ती टाकून देऊ नये, कापूही नये, कापलेली एक आमच्याकडे आहेच. खोका, जिभेवरचं लेबल, ती बिनजीएसटीची चिठ्ठी, यूपीआयचा यूटीआर (त्या व्यवहाराचा) क्रमांक आणि पूर्ण चॅट जपून ठेवा. चॅटचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, तो फोनमधून एक्स्पोर्ट करून घ्या, आणि तो नंबर ब्लॉक करण्याआधी करा.