एटनाच्या बर्फात टिकले आणि सोलापूरच्या मे महिन्यात उखडले: ट्रेकिंग शूज, नऊ महिन्यांनंतर

आधीच सांगते, मी काय ट्रेकर बिकर नाही. सोलापूरच्या बाईला बर्फ म्हणजे फ्रीजमधला नाहीतर रसवंतीच्या ग्लासातला. पण लग्नाला दहा वर्षं झाली आणि नवऱ्याच्या डोक्यात आलं की सगळे जातात तसं मनालीला नको, जिवंत ज्वालामुखीवर जाऊ, तेपण ऐन थंडीत वर बर्फ असताना. सासूबाई म्हणाल्या, "आग बघायची का बर्फ ते एकदा ठरवा की." गड्डा (आमच्या सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा) झाल्याशिवाय आमच्या घरातून कोणी हलत नाही, त्यामुळे नंदीध्वजांची मिरवणूक झाली, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम झालं आणि मग जानेवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही इटलीतल्या सिसिलीला, एटनावर.

हे सगळं शूजसाठीच सांगतेय, थांबा जरा.

मी पुण्याच्या एका दुकानातून घोट्याच्या वर येणारे, वॉटरप्रूफ, तळवा कडक असलेले शूज घेतले, ₹६,८०० ला. दुकानातल्या पोराने जाड मोजे घालायला लावले आणि नेहमीपेक्षा एक नंबर मोठा दिला, उतरताना अंगठा पुढे आपटत नाही म्हणाला. नवऱ्याने घरी बसून ऑनलाइन मागवले, ₹९,५०० चे, दिसायला लई भारी, हलके, मऊ. महिनाभर मला चिडवत होता, तुझे म्हणजे बांधकामावरचे बूट वाटतात म्हणून.

रिफुजिओ सापिएंझा म्हणून जागा आहे, साधारण १९०० मीटरवर, तिथपर्यंत डांबरी रस्ता. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे गाडीच तुम्हाला कळसूबाईच्या वर नेऊन सोडते. तिथून केबल कार २५०० पर्यंत आणि पुढे गाइडसोबत चालायचं. वरच्या विवरांच्या भागात अधिकृत गाइडशिवाय जाता येत नाही आणि कुठपर्यंत जायचं ती हद्द पण पर्वताच्या तब्येतीप्रमाणे बदलते. तर आमच्या गाइडने नाव विचारायच्या आधी शूज बघितले. माझे बघून मान हलवली. नवऱ्याचा एक बूट हातात घेऊन चपातीसारखा दुमडला, दुमडला गेला, झालं. मऊ तळव्यावर क्रॅम्पॉन (बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली बांधायचे धातूचे दाते) बसत नाहीत, निसटतात. मग याने तिथेच भाड्याने बूट घेतले आणि ते साडेनऊ हजार दिवसभर गाडीत बसून राहिले. मी काही बोलले नाही. आता बोलतेय.

वर बर्फ पांढरा असेल असं वाटलं होतं, तर मध्ये मध्ये राखेचे काळे थर, एखाद्याने दुधाच्या सायीवर काजळ झटकावं तसे. ती राख म्हणजे चुलीतली नव्हे, बारीक काचेसारखी कचकच असते, आणि हीच सगळ्या सामानाची खरी वैरी. नवऱ्याच्या जॅकेटची चेन पहिल्याच दिवशी अडकली ती आजपर्यंत धड चालत नाही. माझ्या शूजवर गाइडने गेटर चढवायला लावले (नडगीवरून बूटापर्यंत येतं ते जाड कापड), त्यामुळे आत कण गेला नाही. डोक्यावर हेल्मेट. वारा असा की दोघांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं, म्हणजे घरच्यासारखंच.

एका ठिकाणी मात्र बर्फच नव्हता, काळी माती उघडी आणि त्यातून वाफ. गाइडने हाताने थोडं उकरलं आणि म्हणाला हात लावा. कोमट! चारी बाजूला गोठलेलं आणि इथे जमीन तापलेली. आम्ही तिथेच बसलो आणि सासूबाईंनी बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढली. गाइडला दिली, त्याने चटणी नुसतीच तोंडात टाकली, पुढचं काय सांगू. गंधकाचा वास येत होता, दारूकाम संपल्यावर होम मैदानावर रेंगाळतो ना, अगदी तसाच, त्यामुळे मला उगीच घरी असल्यासारखं वाटलं.

मी त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की आम्ही पण लाव्हावरच राहतो. दख्खनचा अख्खा काळा दगड ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि आमची ज्वारीची काळी माती पण त्याच दगडाची झिजून झालेली. तो हसला आणि म्हणाला तुमचा विझलाय ना, मग सुखी आहात. त्याने १६६९ चं सांगितलं, तेव्हा लाव्हा खाली थेट कतानिया शहरापर्यंत पोचला होता. आणि बर्फात लाव्हा जास्त धोक्याचा, कारण खालच्या बर्फाची एकदम वाफ होऊन स्फोट होतो, मार्च २०१७ मध्ये तसंच झालं आणि बघायला गेलेले लोक जखमी झाले. म्हणून तो रांग सोडू देत नव्हता, फोटोसाठी पण नाही. नवरा दोनदा बोलणी खाऊन घेतलाच.

आम्हाला लाव्हा दिसला नाही. परत आलो आणि ८ फेब्रुवारीला सुरू झाला. बर्फातून लाल ओहोळ चाललेत आणि लोक बघायला गर्दी करतायत असे व्हिडिओ बघत नवरा आठवडाभर तोंड पाडून बसला होता. मग २ जूनला विवराचा भाग कोसळून तापलेल्या राखेचा लोट खाली आला, माणसं पळतायत असे व्हिडिओ, तेव्हा मात्र गप्प झाला आणि म्हणाला, आईला दाखवू नको.

आता शूजचं. आठ तास बर्फ, राख, ओल, मोजे कोरडे. फोड एक पण नाही. उतरताना अंगठे शाबूत, त्या दुकानातल्या पोराला मनातल्या मनात आशीर्वाद दिला. घरी येऊन पुसून ठेवले, मग संभाजी तलावावर सकाळी फिरायला वापरले, नान्नजला माळढोकच्या माळावर घालून गेले (माळढोक दिसला नाही, काळविटं दिसली), काहीच तक्रार नाही.

पण मे महिन्यात माझी एक चूक झाली. मंगळवेढ्याला दिराच्या शेतावर जाऊन आलो आणि शूज गाडीच्या डिकीत विसरले. गाडी उन्हात, बाहेर ४३, डिकीत किती असेल देव जाणे. चार दिवसांनी काढले तर उजव्या बुटाचा तळवा पुढून जबडा उघडल्यासारखा. डिंकच वितळला. दुकानात फोन केला तर म्हणे उष्णतेने झालेलं वॉरंटीत बसत नाही. अरे, उणे तापमानात चालतील म्हणून सांगितलंत, अधिक तापमानाचं पण सांगायचं ना! सोलापुरात विकणार असाल तर बर्फाची नाही, मेची टेस्ट करा. शेवटी आमच्या गल्लीतल्या मोचीकाकांनी डिंक लावून वर चारी बाजूंनी दोऱ्याची शिलाई मारून दिली, दोन्ही बुटांना, १५० रुपये. ती शिलाई अख्खा पावसाळा टिकली, अगदी काळ्या रानात चिखलाचे दोन-दोन किलोचे गोळे चिकटत होते तेव्हा पण. फक्त शिलाईच्या भोकांमुळे आता पूर्ण वॉटरप्रूफ राहिले नाहीत, डबक्यात उभं राहिलं की दहा मिनिटांत मोजा ओला.

कोणाला जायचं असेल तर शूज आणि लोकरीचे मोजे स्वतःचे घ्या आणि निघायच्या आधी महिनाभर घालून पायाला बसवा. क्रॅम्पॉन, जाड जॅकेट, काठ्या तिथे भाड्याने मिळतात, आम्ही दोन जॅकेटवर जो खर्च केला तो सोलापुरात कपाटात पडून आहे. थर्मल मात्र फुकट गेले नाहीत, रेल्वेच्या एसी डब्यात नवरा घालून झोपतो.

नवऱ्याचे साडेनऊ हजारवाले ऑफिसला जातात. आणि गेटर दिराने नेले, बांधावरची कुसळं टोचत नाहीत आणि उसाच्या पाचटात सापाची भीती कमी म्हणतो. दोनदा मागितले, देत नाही.