पर्ल: हळदीच्या पट्ट्या शेतकरीवार लावण्यासाठी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात मी दहा वर्षं पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशोब, करते. सौदा झाला की एक ओळ: तारीख, शेतकरी, गाव, हळदीची जात, पोती, दर. दर हंगामाची एक टेक्स्ट फाइल. एकेका शेतकऱ्याच्या पाच-सहा ओळी फाइलभर विखुरलेल्या, आणि तो समोर उभा राहून विचारतो, "ताई, माझ्या राजापुरीला चांगला दर कधी लागला?"

दोन हंगाम झाले, हे काम मी पर्ल या संगणकाच्या भाषेत करते. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये ही भाषा मजकूर चाळून अहवाल काढायला केली, आणि ते पदोपदी जाणवतं. फुकट आहे, दुकानातल्या जुन्या संगणकावरही झटकन चालतं.

मला भावला तो अ‍ॅरेंचा हॅश: हॅश म्हणजे नावानं उघडायचे कप्पे, अ‍ॅरे म्हणजे कप्प्यातली यादी. ओळ स्वल्पविरामावर तोडायची, नाव ही की, म्हणजे कप्प्यावरची चिठ्ठी, बाकीचं त्या नावाखालच्या अ‍ॅरेत पुश, म्हणजे शेवटी जोडायचं. डिग्रजचा नवा शेतकरी पहिल्यांदाच माल घेऊन आला, तरी त्याचा कप्पा आहे का हे तपासावं लागत नाही. पुश करतानाच तो तयार होतो, खतावणीत नवं पान आपसूक उघडावं तसा. या एका सोयीसाठी पाच तारे.

हॅशमध्ये खरं तर अ‍ॅरेचा रेफरन्स, म्हणजे नुसता पत्ता, राहतो. वाचताना तो उलगडायचा असतो, हे अंगवळणी पडायला मला आठवडा लागला.

सॉर्ट, म्हणजे क्रम लावायची आज्ञा, जपून वापरा. नुसतं सॉर्ट आकडेही शब्दांसारखे लावतं. माझ्या उतरत्या यादीत ९५०० चा दर १४२०० च्या वर बसला होता. <=> हे स्पेसशिप चिन्ह घातलं की बरोबर लागतात. हॅशमधल्या नावांना ठरलेला क्रम नसतो, तीही सॉर्ट करूनच छापावीत.

आमच्या जुन्या फाइलींत आकडे देवनागरी. पर्ल हिशोबात त्यांना शून्य धरतं. दराच्या जागी शून्य पाहून पोटात गोळाच आला! आता फाइल यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) म्हणून उघडते आणि अंक आधी बदलून घेते.

खरी अडचण नावांची. 'पाटील' आणि 'पाटिल' असं लिहिलं गेलं की एकाच माणसाचे दोन कप्पे, आणि पर्ल चकार शब्द काढत नाही. म्हणून की आता खाते क्रमांकाची.

परवा तुंगच्या एका काकांना सहा ओळी दराप्रमाणे लावून दिल्या. कागद निरखून म्हणाले, "सेलम वेगळी निघंल का?" कीमध्ये खात्यापुढे जात जोडली. चहा येईपर्यंत दुसरा कागद त्यांच्या हातात होता.