लीज वाढवली: सर्व्हेयरला पाच तारे, सॉलिसिटरला दोन

इंग्लंडमधल्या स्लाऊमधला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट 2017 साली घेतला, तेव्हा कागदावर 87 वर्षांची लीज, म्हणजे भाडेपट्टा, शिल्लक होती. मी म्हटलं, तेवढं जगणार कोण! इथे लीज 80 वर्षांवर आली की गणित फिरतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं. लीज वाढवल्यामुळे फ्लॅटची किंमत जेवढी चढते, त्या वाढीतला निम्मा वाटा 80 किंवा त्याखाली फ्रीहोल्डरला, म्हणजे इमारतीच्या आणि जमिनीच्या मूळ मालकाला, द्यावा लागतो. त्याला म्हणतात मॅरेज व्हॅल्यू. लग्न त्यांचं, आहेर आपला.

आमची लीज 31 डिसेंबर 2104 ला संपणार होती. म्हणजे 2024 संपायच्या आत लीज वाढवून मागणारी नोटीस फ्रीहोल्डरला जायलाच हवी. किंमत ठरते ती नोटिशीच्या तारखेला. पुढे घासाघीस कितीही महिने चालली तरी तारीख तीच.

ऑगस्टमध्ये फ्रीहोल्डरचंच गोड पत्र आलं: 9,500 पौंड द्या, लीज 125 वर्षं करून देतो, कायद्याच्या भानगडीत कशाला पडता? नवरा सही करायला निघालाच होता. मी आधी लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिसचा सल्ला घेतला. तो फुकट असतो. त्यांच्या वेबसाइटवर कॅल्क्युलेटर आहे, त्यात आकडे घातले की साधारण अंदाज येतो. मग एक सर्व्हेयर, म्हणजे अशी किंमत काढून देणारा तज्ज्ञ, गाठला.

हा माणूस सोन्यासारखा. तासभर घरात होता. बाथरूमचं नवीन काम माझ्या डोळ्यांदेखत वहीत टिपलं आणि म्हणाला, हे तुमच्या खर्चाने झालंय, त्याचे पैसे फ्रीहोल्डरला मिळू देणार नाही. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते गोड पत्र पसरलं आणि एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. ग्राउंड रेंट, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायचं वार्षिक भाडं, 2104 पर्यंत आहे तसंच! आमचं ग्राउंड रेंट वर्षाला 250 पौंड, दर 25 वर्षांनी दुप्पट. 2031 ला 500, 2056 ला 1,000, 2081 ला 2,000. असं दुप्पट होणारं भाडं दिसलं की कर्ज देणाऱ्या काही बँका हात झटकतात. 1993 च्या लीजहोल्ड कायद्याने गेलात तर शिल्लक वर्षांवर आणखी 90 वर्षं मिळतात आणि भाडं उरतं ‘एक मिरी’, म्हणजे नावापुरतं. लीजमध्ये खरंच तसं लिहितात, पेपरकॉर्न. वाशीहून आईचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. तिच्या सोसायटीची जमीन सिडकोकडून 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, त्यामुळे तिला विषय नवा नव्हता. तरी म्हणाली, “अगं, मग दरवर्षी पोस्टाने पाठवायची का मिरी?” नाही आई, त्यांनी मागितली तरच.

कायद्याने लीज वाढवायला सर्व्हेयरचा अंदाज 13 ते 15 हजार पौंड. फी 750 पौंड अधिक व्हॅट.

आता सॉलिसिटर, म्हणजे आमचा वकील. नाव मुद्दाम लिहीत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कागद दिले. नोटिशीचा मसुदा आला नोव्हेंबरच्या शेवटी, आणि त्यात फ्रीहोल्डर म्हणून जुन्या कंपनीचं नाव! इमारत 2021 मध्येच दुसऱ्या कंपनीला विकली गेली होती. हे पकडलं कुणी? सर्व्हेयरने, आणि ते त्याचं कामही नव्हतं. नोटीस चुकीच्या माणसाला गेली असती तर बाद, आणि आम्ही 80 च्या खाली. दोन आठवडे मी रोज दुपारी फोन करत होते. रिसेप्शनिस्टला माझा आवाज पाठ झाला होता. अखेर 12 डिसेंबरला नोटीस पोचली, 80 वर्षं 19 दिवस शिल्लक असताना.

आम्ही नोटिशीत 10,500 म्हटलं होतं. फेब्रुवारीत फ्रीहोल्डरची उत्तरादाखल काउंटर नोटीस आली, 22,400. माझे हातपाय गळाले. सर्व्हेयरला जराही नवल वाटलं नाही. काउंटर नोटिशीनंतर सहा महिन्यांच्या आत किंमत ठरवून देणाऱ्या ट्रायब्युनलला अर्ज करता येतो, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, म्हणून बहुतेक वेळा आधीच जमतं, असं तो म्हणाला. मे महिन्यात 14,250 वर जमलं. फ्रीहोल्डरच्या वकिलाचा आणि सर्व्हेयरचा वाजवी खर्चही आपल्याच माथी, तो 1,900 च्या आसपास गेला. हे बजेटमध्ये आधीच धरा, आम्ही धरलं नव्हतं.

2024 च्या नव्या कायद्यात 90 ऐवजी 990 वर्षं आहेत, मॅरेज व्हॅल्यूही जाणार आहे, मग थांबायचं होतं, असं मैत्रिणी म्हणाल्या. पण आमची नोटीस गेली तेव्हा तो भाग लागू झालेला नव्हता, आणि घड्याळ आमचं चालू होतं.

नवी लीज 31 डिसेंबर 2194 पर्यंत आहे. सॉलिसिटरच्या शेवटच्या बिलात ‘नोटीस दुरुस्ती’ म्हणून 85 पौंड वेगळे लावले होते. चूक त्यांची, दुरुस्ती आमच्या पैशाने! मी ईमेल केली. “क्रेडिट नोट पाठवतो,” असं उत्तर आलं. ती अजून यायची आहे.