मिठाच्या पाण्याचा टँक, आत जिवंत कोरल: अकरा महिन्यांचा अनुभव

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये २० गॅलनचा रीफ टँक चालू करून अकरा महिने झाले. मासे म्हणजे दोन क्लाउनफिश, आणि कोरल म्हणजे झोॲन्थस, एक डंकन, एक हॅमर. खूप जण विचारतात म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे मी पैसे चुकीच्या जागी घातले. निम्मं बजेट एलईडीत गेलं, कारण कोरलच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, त्याला उजेड मिळाला की कोरलचं पोट भरतं वगैरे वाचलेलं. खरंय ते. पण ही मंडळी मध्यम उजेडातली, लाईट फुल ठेवला तर हॅमर आठवडाभर अंग चोरून बसला, आता निळा ६० टक्के आणि पांढरा २० वर आहे, म्हणजे घेतलेली निम्मी पॉवर कधी लागलीच नाही.

खरा खेळ पाण्याचा. नळाचं पाणी टाकू नका, आरओडीआय (गाळून क्षार काढलेलं पाणी) घ्या आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य आला की मगच मीठ कालवा. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावून गप्प बसू नका, ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशनचं पाणी मिळतं त्यावर तपासा, मी दोन महिने चुकीच्या आकड्यावर खूश होतो. आणि पाणी उडतं, मीठ उडत नाही! हिवाळ्यात हीटिंग चालू असलं की माझ्याकडे दिवसाला दीड-दोन लिटर पाणी कमी व्हायचं, रोज हाताने भरायचा कंटाळा आला म्हणून ऑटो टॉप ऑफ घेतलं: टँकमधला फ्लोट खाली गेला की पंप कॅनमधलं साधं पाणी आपोआप भरतो.

त्याचा किस्सा ऐका. एप्रिलमध्ये एका सकाळी उठलो तर पाणी कडेला टेकलेलं, डंकनची सगळी तोंडं मिटलेली, हॅमर सुकलेल्या बोटांसारखा. बघतो तर एक गोगलगाय फ्लोटवर ठाण मांडून बसलेली, फ्लोट खाली दबला म्हणून मशीनला वाटलं पाणी कमी आहे आणि पंपाने रात्रभरात अख्खा कॅन आत ओतला. खारेपणा (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२६ वरून १.०२३. वाचलो ते एवढ्याचसाठी की कॅन दोनच गॅलनचा होता. घाबरून एकदम मीठ टाकलं नाही, तीन दिवस साध्या पाण्याऐवजी मिठाचं पाणी भरत गेलो, हळूहळू आकडा वर आला आणि पाचव्या दिवशी डंकन उघडला. आता फ्लोटवर जाळीचा डबा आहे. कॅन मोठा घ्यायचा मोह होतो, घेऊ नका.

डंकन-हॅमर सांगाडा बांधतात, त्यात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट क्षार) खर्च होते. त्यासाठी मी काल्कवासर देतो. नाव जर्मन, पण वस्तू म्हणजे आपली चुन्याची निवळी, आजीच्या पानाच्या डब्यातल्या चुन्याचीच बहीण! वरचं नितळ पाणीच घ्यायचं, आणि तेही थेंब थेंब, पहाटे लाईट लागायच्या आधी, कारण रात्री टँकचा पीएच खाली आलेला असतो आणि निवळीचा १२ च्या वर असतो, भसकन ओतली तर संपलंच. अल्कलिनिटी ८.५ डीकेएचच्या (ती मोजायचं एकक) आसपास आहे. ८ असो की ९, कोरलला फार फरक पडत नाही, रोज वरखाली झाली की मात्र रुसतात.

झोॲन्थस कापताना हातमोजे आणि चष्मा घाला, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जबरदस्त विष असू शकतं. त्यांचा दगड उकळायचा तर विचारही नको, वाफ बाधते.

भारतातल्या मित्रांनो, हे वाचून लाईट मागवू नका, तिकडे सगळी दगडी कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. मालवणला स्नॉर्कलिंग करून बघा की, तिथे टीडीएस मोजावा लागत नाही. आमची आई तर अजून विचारते, त्या पोवळ्याची अंगठी कधी करणार.

सध्या हॅमरच्या एका डोक्याची दोन होतायत, मधली फट रोज रुंदावतेय. डिसेंबरात तीन आठवडे गावाला जायचंय म्हणून शेजारच्या पोराला कॅनमध्ये साधं पाणी भरायला शिकवतोय. साध्या पाण्याच्या बादलीला निळी टेप, मिठाच्या पाण्याच्या बादलीला लाल. काल त्याने लाल उचलली.