ऑलिव्हच्या काळ्या पाण्याला वीज देऊन पाहिली: आठ महिन्यांचा अनुभव

ग्रीसमध्ये कालामाताजवळ एका तेलघाण्यावर मी काम करतो. गेल्या नोव्हेंबरात आम्ही सांडपाण्यासाठी इलेक्ट्रोकोॲग्युलेशनचं, म्हणजे विजेने घाण गोळा करून काढण्याचं, यंत्र बसवलं. एक घनमीटरची टाकी, तीत ॲल्युमिनियमचे उभे पत्रे आणि शेजारी एसी विजेची डीसी करणारा रेक्टिफायर, एवढाच संच. आता जून संपतोय. अख्खा हंगाम हे यंत्र हातांखालून गेलं, म्हणून सविस्तर लिहितो. विकत घेण्याआधी असं काही मला वाचायला मिळालं असतं तर पहिले दोन महिने वाया गेले नसते.

आधी हे पाणी काय चीज आहे ते सांगतो. इथे त्याला 'कात्सिगारोस' म्हणतात, स्पेनमध्ये 'आल्पेचिन', तुर्कस्तानात 'कारासू', म्हणजे सरळ 'काळं पाणी'. आमचा घाणा तीन फेजच्या डिकँटरचा, म्हणजे लगदा गरगर फिरवून त्याचे तीन भाग करणाऱ्या यंत्राचा, आहे. लगद्यात पाणी घालून तेल, पेंड आणि पाणी वेगळं करतात, त्यामुळे टनभर फळामागे साधारण तेवढंच काळं पाणी निघतं. ते आंबट असतं, पीएच पाचच्या आसपास. त्यात साखर, आम्लं, उरलेलं तेल आणि मुख्य म्हणजे फिनॉल असतात. जिवाणूंना हे फिनॉल झेपत नाहीत, म्हणून पाणी सहजी कुजून निवळत नाही. रोमन लोक हेच पाणी खळ्याच्या जमिनीत मुरवायचे, मुंग्या आणि गवत येऊ नये म्हणून. यावरून त्याचा जहालपणा लक्षात येईल.

मी आधी सांगली जिल्ह्यात एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत होतो. स्पेंट वॉशचा, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा, वास नाकात बसलेला माणूस मी. नदीत मळीमिश्रित पाणी सुटलं की दुसऱ्या दिवशी काठाला मेलेल्या माशांचा खच लागतो, तो डोळ्यांनी पाहिलाय. इथे ओढ्याला काळी धार लागलेली पहिल्यांदा दिसली तेव्हा पोटात तसंच कालवलं. म्हणून यंत्र आणायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त आग्रह माझाच होता.

विक्रेत्याने प्रात्यक्षिकाला दोन काचेचे ग्लास ठेवले होते. एकात काळा काढा, दुसऱ्यात फिका चहा. मी भाळलो. रंग गेला म्हणजे घाण गेली, असं मीही त्या दिवशी धरून चाललो, आणि माझी खरी चूक तीच. नंतर आमच्याच पाण्यावर मोजलं तेव्हा सीओडी (पाण्यातली घाण जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप) लिटरला ८० ग्रॅमवरून ४४ वर आला होता. ऐकायला बरं वाटतं, पण घरगुती मैलापाण्याचा सीओडी लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे आमचा तो फिका चहा गटाराच्या पाण्यापेक्षा ऐंशी-नव्वद पट घाण होता! तेल, तरंगणारा चोथा, रंग आणि बरेचसे फिनॉल हे यंत्र ओढून काढतं. विरघळलेली साखर आणि छोटी आम्लं मात्र जिथल्या तिथे राहतात. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, नमुन्याचं पाणी "थोडं पातळ केलेलं" होतं. घेणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं आहे: स्वतःच्या घाण्याचं, ऐन हंगामातलं, पाणी न घातलेलं बॅरल घेऊन जा आणि आधीचा-नंतरचा सीओडी समोर मोजून मागा.

आता ते चालतं कसं. पत्र्यातून डीसी करंट गेला की धन पत्रा झिजतो आणि ॲल्युमिनियम पाण्यात उतरतं. ऋण पत्र्यावर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. ॲल्युमिनियमचे चिकट पुंजके घाणीला धरतात आणि बुडबुडे त्यांना वर उचलतात. अर्ध्या तासात टाकीवर तपकिरी साय धरते. हे दृश्य मला अजूनही बघावंसं वाटतं, खोटं कशाला बोलू. तुरटी फिरवण्याचीच ही गोष्ट, फक्त इथे तुरटीच्या जागी पत्रा स्वतः विरघळतो. पीएच आपोआप चढत जातो. साडेसहाच्या पुढे गेला की मी करंट बंद करतो, घड्याळ बघत नाही. आमच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असल्याने वीज छान वाहते, मीठ घालावं लागत नाही.

खर्चाचं गणित सोपं आहे. एका अँपिअर-तासाला ०.३३५ ग्रॅम ॲल्युमिनियम उतरतं. आमच्या दाट पाण्याला घनमीटरमागे दोन किलो लागतं, म्हणजे सहा हजार अँपिअर-तास. पत्र्यांच्या प्रत्येक जोडीवर चार व्होल्ट धरले तर २४ युनिट वीज झाली. एका टाकीला तीन तास जातात. दिवसाला वीस टन फळ दळणाऱ्या घाण्याला हे यंत्र एकटं पुरत नाही, ऐन डिसेंबरात एक तृतीयांश पाणीच त्यातून जायचं. बाकीचं तळ्यात साठवलं आणि फेब्रुवारीनंतर सावकाश घेतलं.

हायड्रोजनचा मुद्दा माहितीपत्रकात एका ओळीत उरकलेला होता, आणि याचा मला खरोखर राग आहे. एका टाकीमागे पावणेतीन घनमीटर हायड्रोजन निघतो. हवेत चार टक्के झाला की ठिणगी पुरते. साठ घनमीटरच्या बंद खोलीत एक टाकी चालवली तर तिथेच पोचतो. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने ते बंद शेडमध्येच लावलं होतं. मी हिशोब करून दाखवल्यावर मालकीणबाईंनी त्याच दिवशी दोन भिंती पाडायला लावल्या. आता वर फक्त छप्पर आहे.

पत्र्यांचा त्रास सगळ्यात मोठा. पहिले तीन आठवडे पाणी थेट डिकँटरमधून घेतलं. तेलाचा थर बसला, त्याखाली पांढरट खरपुडी धरली, आणि तेवढ्याच करंटला सगळ्या जोड्यांचं मिळून व्होल्टेज ४० वरून ५५ वर गेलं. वीज तापण्यात जात होती. मग मध्ये एक निवळणीची टाकी घातली, वर आलेलं तेल काढून घेतलं, आणि दर पंधरा मिनिटांनी पत्र्यांचे धन-ऋण ध्रुव उलटवणारा टायमर सुरू केला. टायमर यंत्रात होताच, पण बंद करून दिलेला! त्यानंतर रविवारी पातळ ॲसिडने एकदा धुतलं की आठवडा निघतो.

स्वस्त पडतील म्हणून एकदा लोखंडी पत्रेही लावून पाहिले. टाकी शाईसारखी काळी झाली. आजोबांच्या तोंडून ऐकलेली हिरडा आणि हिराकसाची शाई आठवली. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून ती काळी होते, इथे ऑलिव्हच्या फिनॉलने तेच केलं. लोखंडाने घाण बसतही असेल, पण ते पाणी बघून शेजारी शेतकरी घाबरले. पत्रे त्याच संध्याकाळी काढले.

गाळाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. एक दिवस निथळल्यावरही टाकीचा चौथा हिस्सा गाळच उरतो. उन्हात वाळवून पोती भरून ठेवलीत. त्यात ॲल्युमिनियम असल्यामुळे मी तो झाडांना घालू दिला नाही.

मग घ्यावं का? मालकीणबाईंनी हेच विचारलं. दोन फेजचा डिकँटर, म्हणजे पाणी वेगळं न काढता फक्त तेल आणि ओली पेंड काढणारा, घेता आला तर आधी तो घ्या, असं मी त्यांना म्हणालो. स्पेनने १९९० च्या दशकात तोच मार्ग धरला आणि काळं पाणी मुळातच जवळपास संपवलं. पण त्यात पेंड चिखलासारखी ओली निघते, आणि आमच्या जवळचा पेंडीचा कारखाना ती घ्यायला तयार नाही. तोवर हे यंत्र पहिली पायरी म्हणून ठेवण्यासारखं आहे. फिनॉल पाऊण भाग कमी झाल्याने पुढे बायोगॅसच्या जिवाणूंना हे पाणी सोसतं. डिस्टिलरीत स्पेंट वॉशवर आम्ही गॅस काढायचो, त्याची सवय मला आहेच.

तळ्याचा वास यंदा खूप कमी आहे, हे खालच्या वाडीतल्या बायकांनी आपणहून येऊन सांगितलं. ऑक्टोबरच्या आत दोनशे लिटरचा छोटा गॅस डायजेस्टर उभा करायचाय. शेणाची सोय झाली आहे, डोंगरावरचा एक धनगर देतो म्हणालाय.